हिमालय दरवर्षी वाढतो, मग तो उंच का होत नाही?

‘हिमालय दरवर्षी ५ मिलिमीटरने वाढतो’ असं वाक्य पुस्तकात दिसलं, की एक साधा गुणाकार करून बघावा. १ कोटी वर्षं गुणिले ५ मिलिमीटर, म्हणजे ५० किलोमीटर. भारतीय भूखंड आशियाला येऊन धडकला त्याला तर सुमारे ५ कोटी वर्षं झाली. या हिशेबाने एव्हरेस्टचं टोक उपग्रहांच्या कक्षेला टेकायला हवं होतं. प्रत्यक्षात ते ८,८४८.८६ मीटरवर आहे. पुरते नऊ किलोमीटरही भरत नाहीत.

५ मिलिमीटर हा आकडा तसा फार चुकीचा नाही. घोळ ‘वाढतो’ या शब्दात आहे. खडक वर येणं वेगळं आणि शिखर उंच होणं वेगळं. किसणीवर गाजर घासताना गाजर सतत पुढे सरकत असतं, पण किसणीच्या पलीकडे त्याचं टोक काही निघत नाही. हिमालयात खडक खालून वर येत राहतो आणि वरचा पाऊस, बर्फ, नद्या आणि दरडी तो किसत राहतात. उंची म्हणजे या जमाखर्चातली शिल्लक. ती किती राहते आणि का राहते, हे समजून घ्यायचं तर आधी जमेची बाजू बघू.

सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट उत्तरेकडे धावत होता, आणि त्यानंतरच्या काळात त्याचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्याही पुढे गेला होता. भूपट्टांच्या दुनियेत हा वेग भलताच म्हणायचा. मधे टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली घुसत गेला, समुद्र आटला आणि शेवटी जमिनीला जमीन भिडली. समुद्रतळाचा खडक जड असतो, तो खाली बुडतो. भूखंडाचा खडक हलका, तो सहजी बुडत नाही. मग तो चेपला जातो, दुमडतो, तुटतो आणि एकावर एक चढतो. टक्कर झाल्यावर वेग घटला. आज भारत वर्षाला साधारण ४ ते ५ सेंटिमीटर उत्तरेला सरकतो, आणि त्यातले सुमारे २ सेंटिमीटर एकट्या हिमालयात जिरतात. उरलेले तिबेट आणि त्यापलीकडचा आशिया पचवतो.

त्या आटलेल्या समुद्राचा पुरावा महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांत आहे. शाळिग्राम हातात घेऊन नीट बघा. नेपाळमधल्या काळ्या गंडकीच्या पात्रात मिळणारा हा काळा, गुळगुळीत गोटा. फुटलेल्या शाळिग्रामात जे चक्र दिसतं, बाहेरच्या बाजूला बारीक कंगोरे असलेलं आणि आत वळत गेलेलं, ते अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचं कवच आहे. हा जीव माकुलाच्या कुळातला. जुरासिक काळात, म्हणजे ढोबळमानाने १५ कोटी वर्षांपूर्वी, तो टेथिसच्या तळाशी चिखलात रुतला. त्या चिखलाचा खडक झाला आणि आज तो मुक्तिनाथच्या परिसरात साडेतीन हजार मीटरच्या वर उघडा पडलाय. नदी तो फोडून खाली आणते. एव्हरेस्टचा अगदी माथासुद्धा समुद्रातल्या चुनखडीचाच आहे, सुमारे ४५ कोटी वर्षं जुन्या. त्यात समुद्री जीवांच्या कवचांचे तुकडे सापडतात.

पर्वत वर कसा येतो हे घरी करून बघता येतं. भूशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही हाच प्रयोग जरा मोठ्या प्रमाणावर होतो, आणि १८८७ साली हेन्री कॅडेल या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने असाच एक प्रयोग केला होता. सामान फार लागत नाही. माशांची जुनी काचेची पेटी, साधारण दोन फूट लांब. चाळून कोरडी केलेली बारीक वाळू. दोन-तीन रंगांची रांगोळी. पेटीच्या आतल्या रुंदीपेक्षा अगदी किंचित कमी रुंदीची एक सपाट फळी.

फळी एका टोकाला उभी ठेवा. तळाशी अर्धा सेंटिमीटर वाळू पसरा, पट्टीने सपाट करा, वर रांगोळीचा पातळ थर भुरभुरा. पुन्हा वाळू, पुन्हा दुसऱ्या रंगाची रांगोळी. एकूण जाडी दोन सेंटिमीटर झाली की पुरे. पाच सेंटिमीटर केलीत तर फळी ढकलायला भारी जोर लागेल आणि पेटीच सरकेल. आता फळी एकेक सेंटिमीटर पुढे ढकलायची आणि दर वेळी काचेतून बाजूने बघायचं. आधी फळीलगतची वाळू फुगते. मग एक तिरकी रेघ उमटते आणि त्या रेघेवरून वाळूचा एक पट्टा दुसऱ्यावर चढतो. रांगोळीच्या रेघा तुटून एकाखाली एक दोनदा दिसू लागतात. आणखी ढकललं की पहिली भेग थंडावते आणि तिच्या पुढे नवी भेग उघडते. ढीग मागून पुढे वाढत जातो.

प्रयोग फसतो तो ठरावीक कारणांनी. वाळू ओलसर राहिली तर भेगांऐवजी ढेकळं सुटतात. काचेला वाळू घासली तर कडेच्या रेघा खोटा बाक दाखवतात. आधी काचेला आतून टाल्कम पावडर लावली की हे बरंच कमी होतं. फळी मागे कलली तर वाळू तिच्याखालून निसटते, म्हणून ती खाली दाबून धरायची.

हिमालयाच्या उभ्या छेदात नेमकं हेच दिसतं. उत्तरेकडचा मुख्य मध्यवर्ती प्रस्तरभंग जुना. त्याच्या दक्षिणेचा मुख्य सीमा प्रस्तरभंग त्यानंतरचा. सर्वांत नवा आणि आज जागा असलेला प्रस्तरभंग शिवालिकच्या पायथ्याशी, गंगेच्या मैदानाच्या काठावर. मागची भेग थंडावली, पुढची उघडली. खाली हे सगळे एकाच मोठ्या, सौम्य उताराच्या सरकपट्टीला जाऊन मिळतात, आणि तिच्यावरून हिमालयाचा अख्खा ढिगारा भारताच्या पाठीवर चढतोय.

इथे नावाबद्दल थोडी तक्रार. शाळेत आपण ‘वली पर्वत’ शिकतो आणि टॉवेल दोन्ही हातांनी रेटून त्याला वळ्या पाडतो. वळ्या हिमालयात आहेतच, अगदी डोळ्यांना दिसतील अशा. पण उंचीचा मोठा वाटा खडकांचे जाड थर तुटून एकावर एक चढल्यामुळे आला आहे. टॉवेल दुमडतो, तुटत नाही, म्हणून तो अर्धीच गोष्ट सांगतो. वाळूची पेटी बाकीची अर्धी सांगते.

वाळूच्या ढिगाकडे अजून एकदा बघा, कारण उंचीच्या कोड्याचा पहिला धागा तिथेच आहे. ढीग वाढतो तेव्हा त्याचा उतार जवळपास तोच राहतो. उंच व्हायचं तर त्याला लांबही व्हावं लागतं. म्हणजे उंची दुप्पट करायला वाळू चौपट लागते. पहिल्या दहा सेंटिमीटर ढकलण्यात जी उंची मिळाली, ती दुप्पट करायला फळी एकूण चाळीस सेंटिमीटर ढकलावी लागेल. झीज शून्य धरली आणि ढकलण्याचा वेग कायम ठेवला, तरी उंचीचा वेग आपोआप मंदावत जातो. तरुण पर्वत सुरुवातीला भराभर उंचावतो आणि मग आडवा पसरतो.

मग सगळ्यात उंच शिखरं एका पट्ट्यातच रांगेने का उभी आहेत? उत्तर खालच्या सरकपट्टीच्या उतारात आहे. बहुतेक ठिकाणी ती जेमतेम ५ ते १० अंशांनी कललेली आहे, पण उच्च हिमालयाच्या खाली ती एखाद्या रॅम्पसारखी तीव्र होते, साधारण २० अंश. वर्षाला २० मिलिमीटर सरकणारा खडक ७ अंशांच्या उतारावरून चढला तर वर्षाला सुमारे अडीच मिलिमीटर वर येतो. तोच २० अंशांच्या रॅम्पवरून चढला तर जवळपास ७ मिलिमीटर. सगळी मोठी चढाई या रॅम्पच्या डोक्यावर होते.

आता खर्चाची बाजू. तीत सगळ्यात कमी समजली जाणारी गोष्ट म्हणजे पर्वताचं वजन.

१८५० च्या सुमारास भारताच्या मोजणीत एक चूक सापडली. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि हिमालयाच्या बाजूचं कल्याणा ही दोन ठाणी. त्यांच्या अक्षांशांतला फरक जमिनीवरच्या मोजणीने एक येत होता आणि ताऱ्यांच्या वेधाने दुसरा. तफावत कोनाच्या ५.२४ सेकंदांची (एका अंशाचे ३,६०० सेकंद). कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी विचार केला, की हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. त्यांनी ती ओढ मोजली तर ती निघाली जवळपास १६ सेकंद, म्हणजे तफावतीच्या तिप्पट. हिमालय जितका दिसतो तितकी त्याची ओढ नव्हती. इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्ये याचं जे स्पष्टीकरण दिलं ते आजही मूळ धरून आहे. पर्वत प्रावरणावर, म्हणजे भूकवचाखालच्या जास्त जड खडकाच्या थरावर, तरंगतो आणि त्याला खाली हलक्या खडकाचं खोल मूळ असतं.

हिशेब कागदावर करता येतो. भूकवचाची घनता २.८ धरा, खालच्या प्रावरणाची ३.३. जमिनीवर १ किलोमीटर उंची हवी तर खाली २.८ भागिले ०.५, म्हणजे ५.६ किलोमीटर मूळ हवं. तिबेटची सरासरी उंची ५ किलोमीटर, म्हणजे मूळ २८ किलोमीटर. त्यात भूकवचाची नेहमीची ३५ किलोमीटर जाडी आणि वरची ५ मिळवा. उत्तर ६८ किलोमीटर. भूकंपलहरींनी मोजलेली तिबेटखालची जाडी सुमारे ७० आहे. शाळेतल्या अंकगणितासाठी हे फारच छान जमलं.

याच हिशेबाची दुसरी बाजू गमतीची आहे. पर्वतावरून १ किलोमीटर जाडीचा थर सगळीकडून सारखा खरवडून काढला, तर वजन उतरल्यामुळे पर्वत खालून सुमारे ८५० मीटर वर उचलला जातो. सरासरी उंची घटते फक्त १५० मीटरने. माल उतरवलेली होडी पाण्यातून वर येते तसंच. म्हणून उच्च हिमालयात आज पायाखाली जो नाइस खडक लागतो, त्यातली खनिजं २०-३० किलोमीटर खोलीवरच्या दाबात तयार झालेली आहेत. वरचा तेवढा सगळा थर झिजून वाहून गेला, तरी पर्वत अजून उभाच.

झीज सगळीकडे सारखी नसेल तर आणखी गंमत होते. नदी खोल दरी खोदते. वजन दरीतून कमी होतं, पण वर उचललं जातं ते दरी आणि शेजारची शिखरं मिळून सगळं. दरी खोल होते आणि शिखर उंच! एव्हरेस्टच्या बाबतीत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हेच मांडलं. सुमारे ८९,००० वर्षांपूर्वी अरुण नदीने दुसऱ्या एका नदीचा प्रवाह आपल्यात ओढून घेतला, तिचं पाणी वाढलं, खोदकाम वाढलं आणि त्या हलक्या झालेल्या प्रदेशाबरोबर एव्हरेस्ट १५ ते ५० मीटर जास्तीचा वर आला, असा त्यांचा हिशेब आहे. शेजारच्या शिखरांपेक्षा तो इतका उंच का, याचं हे अर्धंमुर्धं उत्तर.

खरवडलेला माल जातो कुठे? गंगेच्या मैदानात त्याचे काही किलोमीटर जाडीचे थर आहेत. बाकीचा बंगालच्या उपसागराच्या तळावर, श्रीलंकेच्याही दक्षिणेपर्यंत पसरलाय. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून आजही वर्षाला साधारण १०० कोटी टन गाळ आणतात. हिमालयाची गेलेली उंची शोधायची तर ती तिथे आहे.

झिजेखेरीज एक वरची मर्यादाही आहे. खूप जाड झालेलं भूकवच खालून तापतं, मऊ पडतं आणि स्वतःच्या वजनाने बाजूला पसरू लागतं, आंबून आलेला कणकेचा गोळा परातीत बसतो तसं. तिबेटमध्ये आज हेच चालू आहे. दक्षिणेकडून भारत रेटतोय आणि तिबेट पूर्व-पश्चिम ताणला जाऊन त्यात उत्तर-दक्षिण भेगांचे खोलगट पट्टे पडलेत. एव्हरेस्टच्या माथ्याची चुनखडीसुद्धा अशाच एका भेगेवरून फार पूर्वी उत्तरेकडे घसरलेली आहे. जगातल्या सर्वांत उंच शिखराचा माथा घसरलेला आहे, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. याउलट मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच उभा राहू शकला, त्याचं एक कारण म्हणजे तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. तो ज्वालामुखी आहे, वली पर्वत नव्हे, पण वजनाचा नियम दोघांना सारखाच.

आता त्या ‘दरवर्षी’ या शब्दाकडे. पर्वत दरवर्षी एकसारखा वाढत नाही. वरच्या भागातली सरकपट्टी शतकानुशतकं अडकून बसते, मागचा खडक धनुष्यासारखा वाकतो आणि उच्च हिमालय हळूहळू फुगतो. उपग्रहांच्या साह्याने चालणारी यंत्रं वर्षाला काही मिलिमीटर वाढ दाखवतात, त्यात या फुगण्याचा मोठा वाटा असतो. मग एके दिवशी पट्टी सुटते.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमधल्या गोरखाजवळ ती सुटली. भूकंप ७.८ तीव्रतेचा. काठमांडूचं खोरं काही सेकंदांत सुमारे एक मीटर वर आलं आणि दक्षिणेकडे दीड-दोन मीटर सरकलं. पण उत्तरेकडची, लांगटांगच्या बाजूची उंच शिखरं अर्ध्या मीटरहून जास्त खचली. ज्या भागाला आपण ‘वाढतोय’ म्हणत होतो, तोच बसला. एव्हरेस्ट या फुटलेल्या पट्ट्याच्या पूर्वेला असल्यामुळे तीनेक सेंटिमीटर नैर्ऋत्येला सरकण्यापलीकडे त्याला फारसं काही झालं नाही. म्हणून दहा-वीस वर्षांच्या मोजणीतून लाखो वर्षांची वाढ काढू नये. फुगणं आणि बसणं यांतून जे उरतं तीच पर्वताची खरी कमाई.

बातम्यांत एव्हरेस्टचा नवा आकडा आला की ‘एव्हरेस्ट वाढला’ असा मथळा येतो. बहुतेक वेळा मोजण्याची रीत बदललेली असते. १८४९-५० मध्ये बिहारच्या सपाटीवरच्या सहा ठाण्यांवरून थिओडोलाइटने कोन घेतले गेले; नेपाळमध्ये प्रवेशच नव्हता. अंतर १७० किलोमीटरहून जास्त. इतक्या लांबून पृथ्वीच्या गोलाईमुळे शिखराचा सुमारे २,४०० मीटर भाग नजरेच्या सरळ रेषेखाली जातो, आणि हवेत प्रकाश वाकत असल्यामुळे शिखर तीनेकशे मीटर वर उचललेलं दिसतं. हे वाकणं दहा टक्क्यांनी चुकलं तरी उत्तर ३० मीटरने चुकणार. राधानाथ सिकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा हिशेब करून काढलेली उंची १८५६ मध्ये जाहीर झाली, २९,००२ फूट म्हणजे ८,८४० मीटर. आजच्या आकड्याहून फरक साधारण नऊ मीटरचा. लॉगॅरिथमची पुस्तकं आणि कागद-पेन यांच्या जोरावर!

पुढे १९५५ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाचा ८,८४८ हा आकडा आला आणि तो आपण शाळेत पाठ केला. चीनने २००५ मध्ये ८,८४४.४३ जाहीर केला, पण तो बर्फाखालच्या खडकाचा. वरचा साडेतीन मीटर बर्फ वगळून. ८ डिसेंबर २०२० ला नेपाळ आणि चीन यांनी मिळून ८,८४८.८६ ठरवला, तो बर्फासकट.

उंची ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणतो, पण एव्हरेस्टखाली समुद्र कुठे आहे? तो असता तर त्याची पातळी कुठे आली असती, ते गुरुत्वाकर्षण मोजून ठरवावं लागतं. उपग्रह मात्र पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून उंची देतात. दोन्हींतला फरक किरकोळ नसतो. मुंबईच्या चौपाटीवर उभं राहून जीपीएसची कच्ची, न सुधारलेली उंची बघितली तर ती साठेक मीटर उणे येते, कारण भारताभोवतीचा समुद्र त्या गणिती आकाराच्या इतका खाली आहे. एव्हरेस्टवरही ही दुरुस्ती करावीच लागते, आणि नवे गुरुत्व-नकाशे आले की शिखर जागचं न हलता आकडा हलतो.

बर्फाचा माथा असला तर घोळ आणखी वाढतो. आल्प्समधल्या माँ ब्लाँची उंची दर दोन वर्षांनी मोजतात. २०२१ मध्ये ती ४,८०७.८१ मीटर होती, २०२३ मध्ये ४,८०५.५९. दोन वर्षांत दोन मीटरहून जास्त घट, आणि तीही आल्प्सचा बराच भाग आजही वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर वर येत असताना. खडक आपल्या जागी होता. वाऱ्याने आणि ऋतूने माथ्यावरची बर्फाची टोपी तेवढी बदलली होती.